फॉर्म तेराच्या मागे मागे: पिंपळगाव ते न्हावा शेवा

पहिला दिवस, मंगळवार

सहा हंगाम झाले, पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षांच्या निर्यातीचे कागद सांभाळते. जानेवारी संपता संपता कंटेनर लागायला सुरुवात होते ती एप्रिलपर्यंत, आणि प्रत्येक कंटेनरमागे एक फॉर्म तेरा माझ्या हातून जातो. शेकडो भरले असतील. पण तो फॉर्म ज्या गेटवर उघडला जातो ते न्हावा शेवा बंदराचं गेट मी कधी पाहिलं नव्हतं. या फेब्रुवारीत ठरवलं, एकदा गाडीबरोबर जायचंच. ट्रेलरवरचे मामा सिन्नरकडचे, वडिलांच्या ओळखीतले, बावीस वर्षं स्टिअरिंगवर आहेत. त्यांच्याबरोबर जाते म्हटल्यावर आईने फार विचारलं नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

सकाळी नऊला रिकामा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर लागला. चाळीस फुटी. आत शिरून दारांची रबरं, तळाची पन्हळं, वास, सगळं बघून घेतलं आणि मशीन शून्य अंशावर लावून ठेवलं. माल थॉमसन द्राक्षांचा, अर्धा-अर्धा किलोच्या डब्या, अशा दहा डब्यांची एक पेटी. पहाटे बागेत कात्री लागल्यापासून मालाची घाई सुरू होते ती थेट कोल्ड स्टोअरेजच्या दारापर्यंत. एकदा मणी शून्याला आला की पुढे तो रॉटरडॅमला उतरेपर्यंत शून्यालाच राहिला पाहिजे, देठ हिरवा राहिला पाहिजे. वीस पॅलेट आत जायला दुपारचे तीन वाजले. मग दार बंद, शिपिंग लाइनचं सील, आणि कस्टमसाठीचं इलेक्ट्रॉनिक सील. कारखान्यात भरलेल्या मालाला २०१७ पासून हे सील आलं. त्यातली चिप अधिकारी हातातल्या यंत्राने वाचतो आणि दार मध्ये कुठे उघडलं का ते तिथेच कळतं.

काट्यावर वजन करून आल्यावर मी फॉर्मला बसले.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉर्म तेरा म्हणजे टर्मिनलला, बंदरात जिथे कंटेनर जहाजावर चढतात त्या धक्क्याला, आधी दिलेली वर्दी. अमुक नंबरचा कंटेनर येतोय, अमुक जहाजासाठी, अमुक बंदरावर उतरायचाय, वजन इतकं, सील नंबर हे, तापमान हे, आणि तो घेऊन येणारी गाडी ही. वर्दी आधी पोचलेली असली की गेटवर कुणाला काही विचारायची गरज पडत नाही. कॅमेऱ्याने वाचलेला नंबर आणि वर्दीतला नंबर जुळला की आडवा दांडा वर होतो. वजनाची तर सक्तीच आहे. भरलेल्या कंटेनरचं मोजलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही, हा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर लागू आहे.

या फॉर्ममधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कंटेनरचा नंबर. चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला सातवा आकडा निव्वळ पडताळणीचा असतो. अक्षरांच्या किमती ठरलेल्या आहेत. पहिल्या जागेला १, दुसरीला २, मग ४, ८, १६ असं दुप्पट करत गुणायचं, सगळ्याची बेरीज करून ११ ने भागायचं, उरलेली बाकी हा तो शेवटचा आकडा. बाकी १० आली तर शून्य. त्यामुळे टाइप करताना दोन आकडे मागेपुढे झाले की कॉम्प्युटर लगेच चौकट लाल करतो. सहा वर्षांत त्याने मला कितीदा वाचवलंय, गणती नाही.

गाडीच्या नंबराला मात्र असा राखणदार नाही. एमएच १५, पुढे दोन अक्षरं, पुढे चार आकडे. काहीही टाका, फॉर्म निमूट घेतो. हे मला माहीत होतं. त्याची किंमत माहीत नव्हती.

साडेआठला निघालो. ओझर, आडगाव, द्वारकेचा उड्डाणपूल, पाथर्डी फाटा. केबिन जमिनीपासून एवढी उंच की रोजचा रस्ता ओळखू येईना. मागे जनरेटरची घरघर. गाडी चालू असो की बंद, रीफरला वीज याच जनरेटरची, आणि त्याचं डिझेल तासातासाला जळत असतं. मामा दर अर्ध्या तासाने मान किंचित तिरपी करून तो आवाज ऐकायचे.

मुंढेगाव सोडलं आणि क्लच बसला. घोटीच्या अलीकडे गाडी कशीबशी एका ढाब्यावर घेतली. रात्रीचे अकरा.

दुसरा दिवस, बुधवार

ट्रान्सपोर्टवाल्या भाऊंनी नाशिकहून दुसरा घोडा पाठवला. पुढच्या इंजिनच्या भागाला ड्रायव्हर मंडळी घोडा म्हणतात. मागची ट्रॉली, कंटेनर, जनरेटर सगळं जागच्या जागी, फक्त घोडा बदलायचा. तो यायला साडेतीन वाजले. मामांनी बॅटरीच्या उजेडात पिन बसली का ते खाली वाकून तीनदा पाहिलं, हवेचे पाइप जोडले, आणि नव्या घोड्यावर चढले. जुन्या गाडीवरचा पोरगा बिघडलेल्या घोड्यापाशी थांबला.

घोडा बदलला म्हणजे वर्दीतली गाडी बदलली. न्हावा शेव्याजवळ आमच्या क्लिअरिंग एजंटचं, म्हणजे कस्टमची कामं बघणाऱ्याचं ऑफिस आहे, तिथला रात्रपाळीचा मुलगा जागा होता. मी फोन लावला. इगतपुरीच्या अलीकडे रेंज येत-जात होती. मी नंबर सांगितला, शेवट "सत्तेचाळीस एकोणऐंशी". तो म्हणाला, "हो ताई, बदलतो." पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला, दुरुस्ती टाकली. मी निर्धास्त झाले.

घाटनदेवीसमोर मामांनी गाडी हळू करून हात जोडले. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्या रस्त्याने घाट टळला असता. मी तसं विचारलंही. मामा म्हणाले, "जाऊन काय करता? पुढं ठाण्याच्या हद्दीत सकाळी मोठ्या गाड्यांना बंदी. लवकर पोचलो तरी तिथं उभंच राहायचंय. मग टोल कशाला भरायचा?" कसारा घाट त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवला. ब्रेकवर पाय अगदी अधूनमधून. खाली उतरताना झुंजूमुंजू झालं आणि डाव्या हाताच्या डोंगरांच्या कडा दिसायला लागल्या. एवढ्या वेळात त्यांनी एक शब्द उच्चारला नाही, आणि मीही काही विचारलं नाही.

पडघ्याच्या पुढे रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागलेली. आम्हीही तिच्यात. आठ ते अकरा. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आमच्या ऑफिसात ज्याला आम्ही "गाडी रस्त्यात आहे" म्हणतो, ते बहुतेक वेळा काय असतं. गाडी उभी असते. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून अर्धा तास झोपतो, उठतो, जनरेटरच्या डब्यातलं डिझेल काठी घालून बघतो, परत झोपतो. मामांना खेपेचे पैसे. सव्वादोनशे किलोमीटरची खेप बारा तासांत झाली तरी तेवढेच, चाळीस तास लागले तरी तेवढेच. भात आणि पिठलं शेजारच्या गाडीवरच्या दोघांनी स्टोव्हवर केलं होतं, त्यांनी आम्हाला वाढलं. आईच्या दशम्या मी त्यांना दिल्या.

त्यातला एक जण येवल्याचा. तो २०१७ ची गोष्ट सांगत होता. जूनच्या शेवटी जगभर नोटपेट्या नावाचा व्हायरस पसरला, त्यात न्हावा शेव्याच्या एका टर्मिनलची यंत्रणा बंद पडली. "गेटवरचे कॉम्प्युटर काळे झाले, ताई. कुठली गाडी आत घ्यायची, कुठला डबा कुठे ठेवलाय, काही कळंना. गाड्या जिथल्या तिथं." वर्दी हा कागदी सोपस्कार वाटतो खरा, पण ती वाचणारी यंत्रणा बंद पडली की बंदरच बंद पडतं, हे त्याच्याकडून ऐकताना नीट समजलं.

मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली. उन्हाने केबिन भट्टी झालेली. कळंबोलीच्या पुढे गेलं की रस्त्यावर बाकी वाहनं विरळ होत जातात, नुसते कंटेनर दिसतात. निळे, लाल, करडे, एकामागोमाग. न्हावा शेव्याचं हे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. २०२४-२५ या एका वर्षात तिथे ७३ लाख टीईयू हाताळले गेले, टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याच्या हिशेबाने. नाशिकची द्राक्षं या महासागरातला एक लहानसा ओघळ आहेत. पण आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांचं वर्ष त्या ओघळावर चालतं.

साडेचारला पार्किंग प्लाझात पोचलो. बंदरात जाणाऱ्या गाड्यांना थांबायला बांधलेलं हे मोठं आवार, दीड हजार ट्रेलर मावतात एवढं. पूर्वी या गाड्या हमरस्त्यावर मैलोन्मैल उभ्या असायच्या, जासई-करळच्या लोकांना घराबाहेर पडणं मुश्कील व्हायचं. मामांनी त्या रांगांमध्ये दोन-दोन दिवस काढलेत. इथे निदान संडास आहे, पाणी आहे, सावली आहे. कस्टमच्या खिडकीवर कागद लागले, सीलवर यंत्र धरलं, हिरवा दिवा. निर्यातीची परवानगी मिळायला नऊ वाजले. गाड्या पुष्कळ होत्या, पण काम पुढे सरकत होतं, खिडकीवरची माणसं धड बोलत होती.

निघण्याआधी मी रीफरचा डिस्प्ले पाहिला. ०.१. मग दोन पावलं मागे येऊन परत पाहिला.

टर्मिनलच्या आत पासशिवाय जाता येत नाही. मी उतरले, मामा एकटे पुढे गेले, मी एजंटच्या ऑफिसात जाऊन बसले. जहाजाचं कटऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, गुरुवारी पहाटे सहा. हातात नऊ तास. मला वाटलं, झालं काम.

पावणेबाराला फोन. "ताई, गाडी बाजूला घ्यायला लावली. नंबर जुळत नाही म्हणतात."

मी आणि तो मुलगा, दोघे स्क्रीनसमोर. फॉर्ममध्ये गाडी नंबर ४७८९. घोड्यावर नंबर ४७७९.

एकोणऐंशी. ऐंशीला एक कमी. पण कानावर "ऐंशी" पडलं की हात आठाकडे जातो. ही चूक मराठी माणूस शाळेतल्या पाढ्यांपासून करत आलाय. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. पहाटे चार वाजता तुटक्या रेंजमध्ये, रात्रभर जागलेल्या पोराने ते लिहिलं. त्याचा चेहरा पडला. मी त्याला रागावले नाही. नंबर तोंडी सांगणारी मी होते, आणि त्याने टाकलेली दुरुस्ती उघडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

एक आकडा बदलायला दीड मिनिट लागलं. पण गाडी रांगेतून बाहेर पडलेली. आता तिला वळसा घालून परत शेपटाला लागायचं. मध्यरात्री रांग वाढलेली, कारण सगळ्यांचं कटऑफ पहाटे. मामांनी फोनवर सांगितलं, "जनरेटर चालू आहे, डिझेल आहे, तुम्ही काळजी करू नका." मी तापमान विचारलं. ते खाली उतरून, मागे जाऊन, बघून आले. ०.२.

कटऑफ हुकलं असतं तर पुढचं जहाज आठवड्याने. तोवर कंटेनर यार्डात प्लगवर, भाडं चालू, आणि मण्याचं वय वाढत जाणार. लाल समुद्रातले हल्ले २०२३ च्या अखेरीला सुरू झाले तेव्हापासून जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जायला लागली, आधीच दहा-पंधरा दिवस जास्तीचे लागतात. त्यात अजून एक आठवडा. ज्या शेतकऱ्याचा माल त्यात होता, त्याने छाटणीपासूनची प्रत्येक फवारणी वहीत मांडून ठेवलीय, युरोपच्या तपासणीत पास झालाय. आणि सगळं अडलं कशाने, तर सातच्या जागी आठ.

तिसरा दिवस, गुरुवार

झोप येणं शक्य नव्हतं. त्या मुलाने चहा केला. आम्ही दोघं बोलत बसलो.

आमच्या रॉटरडॅमच्या खरेदीदाराकडून मला थोडंफार माहीत होतं, ते मी त्याला सांगितलं. तिथे कंटेनर न्यायला येणाऱ्या गाडीची वर्दी पोर्टबेस नावाच्या सामायिक यंत्रणेतून जाते, सगळ्या मोठ्या टर्मिनलांना एकच दार. महत्त्वाचं म्हणजे वर्दी दिली की टर्मिनलकडून उत्तर येतं. कस्टमचा कागद पूर्ण आहे का, शिपिंग लाइनने कंटेनर सोडलाय का, हे गाडी निघायच्या आधी कळतं. अडचण असेल तर ती ऑफिसात बसून सोडवायची, ड्रायव्हरला गेटवर पोचून कळायला नको. ड्रायव्हरचं स्वतःचं ओळखकार्डही यंत्रणेला माहीत असतं. शिवाय गाडीची वेळ ठरलेली.

सिडनीच्या पोर्ट बॉटनीबद्दल मी वाचलं होतं, ते तर मला फारच पटलं. तिथे ठरलेल्या वेळेला गाडी आली नाही तर ट्रान्सपोर्टवाल्याला दंड, आणि गाडी वेळेवर येऊनही टर्मिनलने तिला ताटकळत ठेवलं तर दंड टर्मिनलला. दोन्हीकडून. तो मुलगा म्हणाला, "ताई, आपल्याकडे ड्रायव्हरच्या वेळेचे पैसे कोण धरतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी त्या रात्री आमचा फॉर्म परत उघडून पाहिला. जहाजाचं गेट कधी उघडणार ते होतं, कटऑफ कधी ते होतं. आमची गाडी किती वाजता येणार यासाठी जागाच नव्हती. त्यामुळे प्रत्येक जण कटऑफकडे बघून निघतो आणि सगळे एकदम पोचतात. वर्दीत नुसती गाडी असून भागत नाही, तिच्यात वेळही हवी, आणि त्या वेळेची जबाबदारी दोन्ही बाजूंनी घ्यायला हवी. नाशिकहून निघणाऱ्या गाडीला तर जास्तच, कारण मध्ये घाट आहे, ठाण्याची बंदी आहे. तास ठरलेला असेल तर मामा घोटीला पाच तास झोपून निघतील, पडघ्याला उन्हात उभे राहणार नाहीत. निफाडच्या बंद साखर कारखान्याच्या जागेवर ड्राय पोर्ट व्हायचं आहे. ते झालं तर कागदांची निम्मी धावपळ घराजवळच उरकेल. आमच्याकडे सगळे त्याची वाट बघतायत, मीही.

दोन पन्नासला मेसेज, गेट इन.

हे दोन शब्द मी सहा वर्षं स्क्रीनवर वाचत आलेय आणि पुढच्या कामाला लागत आलेय. या वेळी डोळ्यांत पाणी आलं.

मामा चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर आले. आतलं त्यांनी सांगितलं ते असं. गेटवर चिठ्ठी मिळाली, तिच्यावर यार्डातली जागा छापलेली. त्या रांगेत गाडी लावली, वरून उंच क्रेन आली, चार कोपऱ्यांत कुलपं बसली आणि डबा उचलला गेला. रीफरच्या मचाणावर माणूस थांबलेलाच होता, त्याने प्लग लावला आणि मशीन परत धरलं. खाली उतरलेल्या ट्रॉलीची स्प्रिंग वर आली तेव्हा गाडी हलली, "म्हातारं माणूस ओझं टाकून उठतं ना, तशी." पोचपावतीचा कागद त्यांनी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता. त्याला डिझेलचा वास होता. कंटेनर नंबर, सील नंबर, तापमान, वेळ, आणि गाडी नंबर, ४७७९.

मामा ट्रॉलीखाली चटई टाकून झोपले. त्यांना दुपारी आयातीचा डबा मिळायचा होता. मी उरणच्या लोकलने नेरूळ, तिथून ठाणे, कल्याण केलं आणि संध्याकाळी पंचवटी पकडली. कसाऱ्याला मागून जास्तीचं इंजिन लागलं. खिडकीतून घाटातल्या ट्रकांचे दिवे दिसत होते, वर-खाली, अगदी सावकाश. साडेनऊच्या सुमारास नाशिकरोडला उतरले.

शुक्रवार

पुढचा कंटेनर लागलेलाच होता. सकाळी ऑफिसात आल्या आल्या मी मालकांशी बोलले आणि तीन गोष्टी ठरवून घेतल्या. गाडीचा नंबर यापुढे फोनवर जोडीने सांगायचा नाही. सात, नऊ असा एकेक आकडा सुटा सांगायचा. आणि गाडी भरायला लागली की, किंवा वाटेत घोडा बदलला की, नंबर प्लेटचा फोटो आल्याशिवाय फॉर्मला हात लावायचा नाही. दुरुस्ती झाली की बदललेल्या फॉर्मचा फोटो ड्रायव्हरला उलटा पाठवायचा, त्याने प्लेटशी ताडून बघायचा.

एजंटच्या ऑफिसातल्या मुलाला कळवलं. त्याने लगेच कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं आणि त्याचाही फोटो पाठवला.

दुपारी दुसऱ्या गाडीवरच्या दादांना प्लेटचा फोटो मागितला. त्यांनी उत्साहाने पाठवला. पुढच्या बाजूला ताजी झेंडूची माळ लोंबत होती आणि तिसरा आकडा नेमका फुलाखाली. मी फोन करून म्हटलं, "दादा, माळ जरा बाजूला करून परत काढता का?" दुसरा फोटो आला. एका हाताने माळ उचलून धरलेली, चारही आकडे स्वच्छ. मी एकेक करून टाकले.